स्लो कुकरमध्ये बीफ अँड ब्रॉकली: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

अमेरिकेतल्या कुठल्याही चायनीज टेकआउटच्या मेन्यूवर बीफ अँड ब्रॉकली असतंच. तपकिरी, चकचकीत, जरा गोडसर सॉस, त्यात मांसाचे पातळ काप आणि हिरवेगार तुरे, सोबत पांढरा भात. नव्याने तिकडे गेलेल्या मराठी मुलामुलींना हा पदार्थ चटकन आवडतो. तिखट नसतो, पण चवीला भरीव असतो आणि भाताशी जमतो. मग तो घरी करून बघावासा वाटतो आणि बहुतेकांकडे तोवर स्लो कुकर, म्हणजे मंद उष्णतेत तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, आलेला असतो.

हा पदार्थ मुळात वोकमधला, म्हणजे खोलगट चिनी कढईतला आहे. भडक आचेवर पाच-सात मिनिटांत उरकणारा. दक्षिण चीनच्या ग्वांगडाँग भागातून आलेल्या स्वयंपाक्यांनी तो अमेरिकेत रुजवला. त्यांच्याकडे मांसाबरोबर गाय-लान नावाची, जाड दांड्याची पालेभाजी वापरतात. अमेरिकेत तिच्या जागी ब्रॉकली आली. ब्रॉकली तिथे लोकप्रिय केली ती इटालियन स्थलांतरितांनी. १९२०च्या दशकात कॅलिफोर्नियातले डी’अरिगो बंधू ती पिकवून रेल्वेने पार बॉस्टनपर्यंत पाठवू लागले होते. गाय-लान आणि ब्रॉकली वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने एकाच जातीच्या, त्यामुळे ही अदलाबदल चवीलाही पटते.

स्लो कुकरचं कूळ मात्र अगदी वेगळं आहे. शिकागोच्या अरविंग नॅक्सन यांना १९४०मध्ये त्याचं पेटंट मिळालं. त्यांची आई लिथुआनियातल्या आपल्या गावाच्या आठवणी सांगायची. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या संध्याकाळी चोलंट नावाच्या मांस-कडधान्याच्या रश्श्याची भांडी बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी काढायची, अशी तिथली रीत. त्यावरून त्यांना हे यंत्र सुचलं. पुढे रायव्हल कंपनीने नॅक्सन यांचा व्यवसाय विकत घेतला आणि १९७१मध्ये हे यंत्र ‘क्रॉक-पॉट’ नावाने बाजारात आणलं. थोडक्यात, ज्या पदार्थांना रात्रभराचा वेळ हवा त्यांच्यासाठी हे भांडं आहे.

आता गाठ इथे पडते. मांसाला वेळ हवा, ब्रॉकलीला नको. आल्या-लसणाला शिजायला वेळ हवा, भाजलेल्या तिळाच्या तेलाला नको. सॉस दाट व्हायला उकळी हवी, ती स्लो कुकर धड देत नाही. ‘सगळं टाका आणि विसरून जा’ अशा थाटाच्या पाककृतींवर माझा म्हणूनच विश्वास नाही. विसरायचं ते फक्त मांस आणि त्याच्या सॉसमधलं आलं-लसूण. बाकी सगळं शेवटच्या अर्ध्या तासात, आपल्या हाताने. एवढं लक्षात ठेवलंत तर पदार्थ पहिल्याच खेपेला उत्तम होतो.

मांस कुठलं घ्यायचं

इथे थोडं थांबून नीट विचार करा, कारण निम्मा पदार्थ दुकानातच ठरतो.

टेकआउटमध्ये बहुधा फ्लँक स्टेक वापरतात. हा पोटाकडचा, कमी चरबीचा, लांब धाग्यांचा भाग. वोकमध्ये दोन मिनिटांसाठी तो अप्रतिम, पण चार तास शिजवला तर कोरडा आणि चोथट होतो. दुकानात ‘स्टर फ्राय’ची चिठ्ठी लावून तयार कापलेल्या पट्ट्या मिळतात, त्याही याच कारणासाठी टाळा. त्यात बऱ्याचदा बिनचरबीचा भाग असतो.

स्लो कुकरसाठी घ्यायचा तो चक रोस्ट. हा खांद्याकडचा भाग. जनावर आयुष्यभर ते स्नायू वापरतं, त्यामुळे त्यात पांढरे पडदे आणि शिरा भरपूर असतात. ते पडदे म्हणजे कोलॅजन. कच्चं किंवा अर्धवट शिजलेलं असताना ते चिवट लागतं, पण ओलसर उष्णतेत काही तास राहिलं की विरघळून त्याचं जिलेटिन होतं. मग तेच मांस मऊ, रसाळ लागतं आणि सॉसलाही अंग येतं. वर चक रोस्ट फ्लँकपेक्षा सहसा स्वस्त पडतो. तुकडा निवडताना आतून चरबीच्या बारीक पांढऱ्या रेषा पसरलेल्या दिसायला हव्यात. कडेला चरबीचा एकच मोठा थर आणि आत सगळं लाल, असा तुकडा नको.

ज्यांच्या घरी मोठ्याचं मटण शिजायचं, मग ते वसईतलं घर असो, गोव्यातलं किंवा मराठवाड्यातलं, त्यांना हे वेगळं सांगायला नको. खांद्याचं आणि नळीचं मांस सावकाश शिजवायचं, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं असतं. तोच अनुभव इथे कामी येतो.

महाराष्ट्रात राहून हा पदार्थ करणार असाल, तर २०१५पासून तिथे गायीबरोबरच बैल आणि वळूंच्या कत्तलीवरही बंदी आहे. म्हशीचं मांस मात्र मिळतं आणि या पदार्थाला ते चालतं. त्यात चरबी कमी आणि धागा जरा राठ असतो. म्हणून काप थोडे जाड ठेवा आणि खाली दिलेल्या वेळेत एखाद-दीड तासाची भर घाला. आणखी एक गोष्ट: अमेरिकेतून परतताना स्लो कुकर सामानात घालून आणू नका. तिकडची वीज १२० व्होल्टची, इकडची २३०. थेट प्लगमध्ये लावलात तर तो जळेल. त्यापेक्षा जाड बुडाच्या पातेल्यात, घट्ट झाकण लावून, सगळ्यांत बारीक गॅसवर दीड-दोन तास शिजवा. सॉसमध्ये साखर असते, म्हणून अधूनमधून तळापासून हलवत राहा.

बाकी सामान

पाच-सहा माणसांसाठी हे प्रमाण आहे. कप म्हणजे २४० मिलिलिटरचा, मोठा चमचा म्हणजे १५ मिलिलिटरचा.

- चक रोस्ट, सुमारे ९०० ग्रॅम
- कमी मिठाचा सोया सॉस, अर्धा कप
- बिनमिठाचा किंवा कमी मिठाचा बीफ ब्रॉथ, पाऊण कप
- ब्राउन शुगर, पाव कप
- ऑयस्टर सॉस, २ मोठे चमचे
- लसूण, ६ पाकळ्या बारीक चिरून
- आलं, इंचभर, किसून
- कॉर्नस्टार्च, ३ मोठे चमचे
- भाजलेल्या तिळाचं तेल, १ मोठा चमचा
- ब्रॉकली, सुमारे अर्धा किलो, म्हणजे मध्यम आकाराचे दोन गड्डे
- साधं तेल, कांद्याची पात, थोडे भाजलेले तीळ

सोया सॉस कमी मिठाचाच घ्या. साध्या सोया सॉसच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे ९०० मिलिग्रॅम सोडियम असतं. स्लो कुकरमधून मीठ कुठे जात नाही, शेवटी ते सगळं ताटात येतं. साधाच घरात असेल तर पाव कप घ्या आणि तितकंच पाणी घाला. वरून मीठ अजिबात घालायचं नाही.

तिळाचं तेल पूर्व आशियाई दुकानातलं, गडद तपकिरी, भाजलेल्या तिळाचं हवं. भारतीय दुकानात मिळणारं फिकट तिळाचं तेल चांगलंच असतं, पण त्याला हा वास नाही. कॉर्नस्टार्च म्हणजे आपण मंच्युरियनला वापरतो ते पांढरंशुभ्र कॉर्नफ्लोअर. अमेरिकेत डब्यावर ‘कॉर्नस्टार्च’ लिहिलेलं बघूनच घ्या, कारण तिथे ‘कॉर्न फ्लोअर’ म्हणून मक्याचं पीठ विकतात. ब्राउन शुगर नसली तर किसलेला गूळ घाला. चव जराशी बदलते, पण बिघडत नाही.

ऑयस्टर सॉसमध्ये कालवांचा अर्क असतो. पाहुण्यांपैकी कुणाला शिंपल्या-कालवांची ॲलर्जी असेल तर मशरूमपासून केलेला ‘व्हेजिटेरियन ऑयस्टर सॉस’ वापरा. सोया सॉसमध्ये गहू असतो. गहू चालत नसेल तर गहूविरहित तामारी (जपानी धाटणीचा सोया सॉस) आणा, आणि मग ऑयस्टर सॉसच्या बाटलीवरचे घटकही वाचून घ्या.

आदल्या रात्री

मांस गोठलेलं असेल तर ते आधी फ्रिजमध्ये ठेवून पूर्ण सुटू द्या. एवढ्या तुकड्याला एक दिवस तरी लागतो. गोठलेलं मांस थेट स्लो कुकरमध्ये घालायचं नाही, हे अमेरिकेच्या कृषी खात्याचं स्पष्ट सांगणं आहे आणि त्याला कारण आहे. ४ ते ६० अंश सेल्सिअसच्या मधल्या तापमानात जंतू झपाट्याने वाढतात. स्लो कुकर आधीच सावकाश तापतो, त्यात गोठलेला गोळा घातला की मांस त्या पट्ट्यात तासन्‌तास पडून राहतं.

रात्री मांस कापून ठेवलं तर चालतं. सॉसही कालवून ठेवा, पण दोन्ही वेगवेगळ्या डब्यांत, फ्रिजमध्ये. मांस रात्रीच अर्धवट परतून ठेवू नका, परतायचं तर सकाळी, कुकरमध्ये घालण्याच्या अगदी आधी. आणि कुकरचं चिनीमातीचं भांडं फ्रिजमध्ये ठेवू नका. गार भांडं एकदम तापलं तर तडकू शकतं, शिवाय आतलं सगळं उशिरा तापतं.

कापणं

मांसाचा तुकडा अर्धा तास फ्रीजरमध्ये ठेवा. दगड होऊ द्यायचा नाही, फक्त घट्ट करायचा, म्हणजे सुरीखाली तो घसरत नाही. मग नीट निरखून बघा. मांसाचे धागे एका दिशेने गेलेले दिसतील. सुरी त्या धाग्यांना आडवी चालवायची. धागे आखूड तुटले की काप दाताखाली सहज सुटतो. धाग्यांच्या दिशेने कापलंत तर कितीही शिजवा, तोंडात दोऱ्या येतात. चक रोस्टमध्ये दोन-तीन स्नायू एकत्र असतात आणि प्रत्येकाचे धागे वेगळ्या दिशेला. म्हणून आधी चरबीच्या रेषेवरून त्यांचे मोठे तुकडे सोडवा, मग प्रत्येक तुकडा वळवून, दिशा बघून कापा.

जाडी साधारण एक सेंटिमीटर ठेवा. टेकआउटसारखे कागदी काप इथे नकोत, ते विरून जातील. कडेची जाड चरबी काढून टाका, आतली राहू द्या.

परतणं

ही पायरी वगळली तरी पदार्थ होतो, पण मी ती करा असंच सांगेन. स्लो कुकरचं तापमान पाण्याच्या उत्कलनबिंदूच्या पुढे जात नाही. मांसाला जो खमंग, भाजका वास येतो तो १४० अंशांच्या आसपास आणि त्याच्या वर तयार होतो. कुकर तो देऊ शकत नाही, तो तव्यावरच मिळतो.

जाड तवा किंवा कास्ट आयर्नचं पॅन चांगलं तापवा, चमचाभर तेल घाला. कापांचं पाणी कागदी टॉवेलने टिपून घ्या आणि ते दोन-तीन घाण्यांत, एकमेकांना चिकटू न देता पसरा. एकाच बाजूने, दीड-दोन मिनिटं. हलवायचं नाही. गर्दी केली की मांसाला पाणी सुटतं आणि ते भाजायच्या ऐवजी उकडतं. अपार्टमेंटमध्ये धुराचा अलार्म लगेच वाजतो, म्हणून खिडकी उघडा, पंखा लावा. शेवटी त्याच पॅनमध्ये थोडा ब्रॉथ ओतून तळाला लागलेलं सगळं खरवडा आणि कुकरमध्ये घाला. सगळी चव त्यातच असते.

कुकरमध्ये

सोया सॉस, ब्रॉथ, साखर, ऑयस्टर सॉस, आलं, लसूण कुकरमध्ये एकत्र करून साखर विरघळवा. त्यात मांस घालून एकदा हलवा. काप पूर्ण बुडणार नाहीत, बुडायला नकोतच. झाकणाखालून वाफ फारशी बाहेर जात नाही आणि मांसालाही बरंच पाणी सुटतं. ‘कमी दिसतंय’ म्हणून वरून पाणी ओतू नका. आपल्याला रस्सा करायची सवय, त्यामुळे हात शिवशिवतो, पण इथे आवरा.

या प्रमाणाला साडेतीन ते सहा लिटरचा कुकर बरा. भांडं निम्मं ते दोन-तृतीयांश भरलेलं असेल तर तो उत्तम चालतो. फार मोठ्या कुकरमध्ये थोडंसंच घातलं तर सॉस कडेने करपतो.

‘लो’वर चार ते पाच तास, किंवा ‘हाय’वर अडीच ते तीन. मी ‘लो’च सुचवेन. सावकाश तापलेलं मांस कमी आखडतं. प्रत्येक कुकर थोडा वेगळा तापतो, म्हणून पहिल्या खेपेला ‘लो’वर चार तासांनी एक काप काट्याने दाबून बघा. सहज तुटला पाहिजे, पण त्याचा भुगा होता कामा नये. तोवर झाकण उघडू नका. दर वेळी उघडलं की साठलेली उष्णता निघून जाते आणि पंधरा-वीस मिनिटं वाढतात. इन्स्टंट पॉटचा (विजेच्या प्रेशर कुकरचा) स्लो कुक मोड वापरत असाल तर तो फक्त तळातून तापतो, तेव्हा वेळ जास्त धरा.

आता नोकरीवाल्यांचा प्रश्न. सकाळी आठला घर सोडून संध्याकाळी सहाला परतणाऱ्यांनी काय करायचं? एक सेंटिमीटरचे काप दहा तास ठेवले तर त्यांचा चिवडा होईल. अशा दिवशी मांस कापूच नका. तीन-चार मोठे तुकडे करा, सगळ्या बाजूंनी परता, सॉसमध्ये ठेवा आणि ‘लो’वर आठ तास लावा. त्यानंतर आपोआप ‘वॉर्म’वर जाणारा कुकर असेल तर चिंता नाही. घरी आल्यावर तुकडे बाहेर काढून दहा मिनिटं निवू द्या आणि धाग्यांना आडवे कापा. काप थोडे ओबडधोबड होतात, पण चवीला मला हे रूप जास्तच आवडतं. कुकर उशिरा सुरू होण्यासाठी टायमर लावून कच्चं मांस तासन्‌तास बाहेर ठेवणं मात्र कधीही नको.

जाता जाता राजम्याबद्दल. स्लो कुकर घरात आला की पुढचा नंबर राजम्याचा लागतो, म्हणून इथेच सांगते. कच्चा राजमा थेट स्लो कुकरमध्ये शिजवू नका. त्यात एक विषारी द्रव्य असतं, ते कुकरच्या मंद उष्णतेत नष्ट होईलच असं नाही आणि त्याने उलट्या-जुलाब होतात. राजमा रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, ताज्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळा आणि मगच कुकरमध्ये घाला.

शेवटचा अर्धा तास

भात लावा. जास्मिन तांदूळ सगळ्यात जुळतो. आंबेमोहोर असेल तर तोही छान, कारण सॉस धरून ठेवायला थोडा चिकट भात हवा. बासमती फार सुटा पडतो.

ब्रॉकली वेगळी शिजवायची. तिच्या हिरव्या रंगाचं द्रव्य उष्णतेत फार वेळ राहिलं की बदलतं आणि तुरे मेंदीसारखे मळकट दिसू लागतात. त्याच वेळी गंधकाचा उग्र वासही सुटतो. कुकरमध्ये शेवटचा तासभर टाकलेली ब्रॉकलीसुद्धा बहुधा या वाटेने जाते. त्यापेक्षा मोठ्या पातेल्यात मीठ घातलेलं पाणी खळखळ उकळा, तुरे घाला, दीड-दोन मिनिटांत चाळणीत काढा. रेस्टॉरंटमध्येही मांसाबरोबर मिसळण्याआधी ती अशीच उकळून घेतात. लगेच वाढणार नसाल तर गार पाण्याखाली धरा. पातेलं नको असेल तर तुरे वाडग्यात घालून, दोन चमचे पाणी शिंपडून, झाकून मायक्रोवेव्हमध्ये तीनेक मिनिटं ठेवा. दांडे फेकू नका. वरची जाड साल सोलली की आतला गर गोड आणि कुरकुरीत असतो. त्याच्या चकत्या करा आणि तुऱ्यांच्या अर्धा मिनिट आधी पाण्यात टाका.

सॉस दाट करायचा मार्ग दोन. कॉर्नस्टार्च चार मोठे चमचे गार पाण्यात कालवा. पाणी गारच हवं, गरम पाण्यात गुठळ्या होतात. हे मिश्रण कुकरमध्ये ओतून, हलवून, ‘हाय’वर झाकण ठेवून वीस-तीस मिनिटं थांबा, हा सोपा मार्ग. पण स्टार्च पूर्ण फुलायला जवळजवळ उकळीचं तापमान लागतं. कुकर तिथवर पोचला नाही तर सॉस पातळ राहतो आणि जिभेवर कच्च्या पिठाची चव येते. म्हणून मी दुसरा मार्ग सांगते: मांस झाऱ्याने बाजूला काढा, सॉस छोट्या पातेल्यात ओता, वरची चरबी चमच्याने काढा, उकळी आणा आणि कॉर्नस्टार्चचं पाणी थोडं थोडं घालत हलवा. दोन मिनिटांत सॉस चकचकीत होतो. चमच्याच्या पाठीवर थर राहिला की थांबा, सगळं मिश्रण लागेलच असं नाही. एक भांडं जास्त घासावं लागतं, पण त्याचं चीज होतं.

आता चव बघा. खारट वाटला तर थोडं गरम पाणी आणि चिमूटभर साखर. सपक वाटला तर चमचाभर तांदळाचं व्हिनेगर किंवा लिंबाचे चार थेंब. मिरची हवी असेल तर चिली क्रिस्प किंवा सुक्या मिरचीचे तुकडे इथे घाला. गरम मसाला नको, त्याने सोया आणि तिळाचा वास पार झाकला जातो. गॅस बंद करून तिळाचं तेल घाला, मांस परत सॉसमध्ये सोडा आणि अगदी शेवटी ब्रॉकली मिसळा. वर कांद्याची पात, तीळ. लगेच वाढा.

उरलं तर

दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवा. खोल डब्यात गोळा करून न ठेवता उथळ डब्यांत पसरा, म्हणजे लवकर गार होतं. तीन-चार दिवस टिकतं. पुन्हा गरम करताना स्लो कुकर वापरू नका, तो फार हळू तापतो. गॅसवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये वाफा येईपर्यंत कडकडीत गरम करा. दुसऱ्या दिवसासाठी मुद्दाम करत असाल तर ब्रॉकली मिसळूच नका, ताजी उकळून घाला.

गोठवायचं असेल तर कॉर्नस्टार्च घालण्याआधीचं मांस आणि पातळ सॉस गोठवा. दाट केलेला सॉस गोठवून सोडला की फुटतो, पाणी वेगळं होतं. डब्यावर तारीख घालून ठेवा, दोन-तीन महिन्यांत वापरा. खायच्या आदल्या दिवशी फ्रिजमध्ये सोडवायला ठेवा आणि खायच्या दिवशी उकळी आणून, तेव्हाच दाट करा.